फळीखाली मास्तरायचा हात

वामनराव मास्तरायले मी पयल्यांदा पाह्यलं तेव्हा त्यायचे फक्त पाय दिसत होते. लाँचीतल्या फळ्या काढून ते कंबरेपर्यंत खाली शिरले होते. पायात मोजे होते. चपला बाहेर घाटावर, एकीले एक लावून ठेवलेल्या. खालूनच आवाज आला, "बाई, उजेडातून सरका. मला पाणी दिसून नाही राहिलं." मी पोरीले काखेत घेऊन बाजूले झाली. अशी आमची ओळख.

आता मास्तरायची एकसष्टी आहे अन् त्याचा हा अंक निघून राहिला. अंकवाले घरी आले तेव्हा त्यायले लेख पाह्यजे होता माह्या मालकाचा. मास्तर टेक्निकल शाळेत वर्कशॉप शिकवत होते, तिथं हे झाडू माराले लागले होते. मास्तरायनंच ह्यायच्या हातात पाना देल्ला अन् इंजिन शिकवलं. पन हे अंकवाल्यायले म्हनाले, "मले इंजिन खोलाले सांगा, लिहाले नका सांगू. हिले सांगा, हे चौथी शिकली आहे, मी तिसरीतच पळालो." म्हनून मी लिहून राहिली. जसं बोलते तसंच लिहिते. चुकलं तर मास्तर रागवनार नाहीत. चुकलेलं झाकून ठेवलं तर मात्र रागवतीन.

ज्यायले माहीत नाही त्यायले सांगते. नागपूरच्या बाहेर मोठा तलाव आहे, तिथं एका शेठजीची लाँच उभी राह्यते. मुंबईहून ट्रकवर घालून आनलेली, लाकडाची, पांढरी. आत बसाची खोली, स्टो ठेवाची जागा, भांडे धुवाची मोरी, टपावर पान्याची टाकी. रविवारी शहरातले लोकं पोराबाळायले घेऊन येतात अन् तलावात चक्कर मारतात. हे लाँच चालवतात. मी आत चहा करत होती. आमची सुमी तेव्हा रांगतही नव्हती. तिले मी खोलीतच, खाली फळ्यावर, गोधडीवर निजवत होती.

एका रविवारी सुमीची गोधडी ओली लागली. मले वाटलं पोरीनं केलं. बदलली. थोड्या वेळानं वापस ओली. मी गोधडी नाकाले लावली त वासच नाही. गोधडी खालून भिजली होती. मी फळीच्या फटीत बोट घातलं अन् बोट पान्यात गेलं.

तेव्हापासून माह्या पोटातली भीती गेली नाही. आजही लिहिता लिहिता आहे.

ह्यायनं हातपंपानं पानी काढलं. शेठजीच्या दिवानजीले सांगतलं. दिवानजी म्हनजे शेठजीचा सारा कारभार पाहनारे. त्यायनं मेकॅनिक आनला. मागं जिथून पान्यातल्या पंख्याचा दांडा लाँचीच्या बाहेर जाते तिथं पानी अडवाची दाटन असते, ते मेकॅनिकनं आवळली अन् गेला. सोमवार ते शनिवार लाँच घाटाले उभी, खाली ठणठणीत कोरडी. रविवार आला की फळ्याखाली पानी. दर रविवारी.

दिवानजी माह्याकडे पाहून म्हनाले, "रविवारीच येते म्हंता ना? मंग रविवारी कोन असते लाँचीत? हे बाई भांडे धुते, तेच मोरीतून खाली जाते. फुकटचा बोभाटा करता."

मी भांडे धुनं बंद केलं. खरकटे कप टोपलीत भरून घरी आनले. तरी पानी आलं. दिवानजी म्हनाले, "मंग टाकी गळत असन. तुह्या मालकाले म्हन, जमत नसन त खोली खाली कर. चालवनारे बम भेटतात, पायजे तेवढे." घाटावरची आमची खोली नोकरीसंगंच आहे. हे दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बसनं नागपुरात धरमपेठेत मास्तरायच्या घरी गेले. मास्तर तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. त्यायनं इचारलं नाही की मले काय भेटन. "लाकडी आहे ना? थांब, टॉर्च घेतो," एवढंच म्हनले, असं हे सांगतात.

अन् मंग ते पाय मले दिसले.

मास्तरायची कामाची रीत मी जोळून पाह्यली, म्हनून सांगू शकते. ते पयले काहीच ठोकत नाहीत, काहीच आवळत नाहीत. पयले पानी कोनाचं ते पाह्यतात. बाहेर येऊन, डोक्यावरचे जाळे पुसत त्यायनं मले इचारलं, "बाई, घरात नीळ आहे? कपड्याची?"

"आहे न."

"सगळी आण. समुद्रावर बरं असतं, खालच्या पाण्याला जीभ लावली की कळतं टाकीचं आहे की समुद्राचं. इथं टाकी गोड अन् तलावही गोड. म्हणून रंग द्यावा लागतो."

सारी नीळ टपावरच्या टाकीत घातली. पुढच्या रविवारी मोरीच्या नळातून निळंशार पानी आलं. लोकायचा चहा मी त्या दिवशी घागरीतल्या पान्याचा केला. संध्याकाळी मास्तरायनं फळी काढली अन् दिवानजीले हाक मारली. खालचं पानी साधंच, मातकट. मास्तर म्हनाले, "पाहून घ्या. टाकीचं नाही, मोरीचं नाही. या बाईचं पाणी नाही हे. तलाव आत येऊन राहिला."

दिवानजी म्हनाले, "मास्तर, लाकडाची नाव म्हटली की थोडंफार येनारच."

"येऊ द्या. पण कुठून येते ते मला दाखवून येऊ द्या."

तुमाले हे लहान वाटन. पन तोपर्यंत साऱ्या घाटावर माह्याच भांड्यायची गोष्ट होती. मास्तरायनं ते चारचौघात पुसली. अन् पुसली तेव्हाच दुसरी भीती खरी झाली, की तलाव आत येते.

मंग त्यायनं ह्यायच्याकडून सारी लाँच खालून चिंध्यायनं कोरडी करून घेतली. मले म्हनाले, "आता तुझं काम. रांगोळी चाळून टाक, पातळ. कोपरे सोडू नको." मी चाळनीनं लाँचीच्या पोटात रांगोळी टाकली. जन्मात कोनत्या बाईनं अशा जागी रांगोळी टाकली नसन. पानी जिथून निंगन तिथून रांगोळीवर रेघ पडन, असा तो हिशोब. आमी वाट पाह्यली. रेघ पडलीच नाही. घाटाले उभी लाँच, कोरडीची कोरडी.

मास्तर बाकावर बसले अन् स्वतःशीच बोलले, "रविवारी असं काय असतं जे आज नाही?"

मी म्हनलं, "लोकं असतात, मास्तर."

त्यायनं माह्याकडे पाह्यलं. दिवानजी हासले, "म्हनजे लोकं खिशातून पानी आनतात का वं?"

मास्तर हासले नाही. म्हनाले, "बरोबर बोलली. लोकं बसली की नाव खाली बसते." मंग ते ह्यायले म्हनाले, "तू कन्हान नदीकाठचा ना? रेती आणव. पोती भरून जिथं जिथं लोकं बसतात तिथं ठेव. माणसं बसवून तपासायची नाही."

पोते ठेवले तशी लाँच चार बोटं खाली गेली. अन् रेघ पडली. मागं नाही, जिथं मेकॅनिकनं आवळलं होतं तिथं नाहीच. पार पुढं, खोलीच्या आतल्या लाकडी अस्तरामागून पानी निंगून, कडेच्या लांब लाकडावरून चालत चालत मागं इंजिनाखाली जाऊन राहिलं होतं. मास्तरायनं अस्तर काढाले लावलं. मागं खिळ्यायचे टोकं, गंजून लाल, अन् त्यायच्या भोवती लाकूड नरम. बोट दाबलं त पावासारखं आत गेलं.

ते खिळे घोड्याच्या नालेचे होते. दसऱ्याले आमच्याकडे गाड्यायची, मशिनीची पूजा होते. शेठजीची माय, मोठ्या बाई म्हनतो आमी, तिनं काळ्या घोड्याची नाल शोधून आनली अन् लाँचीच्या तोंडाले ठोकाले लावली, नजर लागू नये म्हनून. नारळ फोडला, हार घातला. आमीच साऱ्यायनं हात जोडले होते. रिकामी लाँच असली की ते खिळे पान्याच्या वर. लोकं बसले की पान्याखाली.

मोठ्या बाई घाटावर आल्या अन् रडाले लागल्या. "नाल काढू नका गा मास्तर, काही झालं त मले दोष लागन."

मास्तरायनं हात जोडले. "काढून टाकत नाही, बाई. जागा बदलतो. आत दाराच्या चौकटीवर ठोकतो. तिथपर्यंत पाणी आलं तर मग नाल पुरणारच नाही, देवालाच यावं लागेल." मोठ्या बाई रडता रडता हासल्या. कोनाचं मन न दुखवता त्याचा खिळा काढनं, हे मास्तरायले जमते.

सडलेलं लाकूड कापलं. नवी फळी बसवाच्या वेळेस मास्तरायनं ह्यायले इचारलं, "तुझे वडील नदीत डोंगा चालवत, त्याच्या फटीत काय भरत होते?" हे म्हनाले, राळ अन् तेल, सुतळीसंगं. "मग तसंच भर. तू सांग, मी धरतो." त्या दिवशी हे गुरु अन् मास्तर हाताखालचे. ह्यायनं ते आजपर्यंत कितीकदा सांगतलं मले.

इथं गोष्ट सरली असती त मी हासत लिहिलं असतं.

शेठजीकडून पेढे आले. दिवानजी म्हनाले, झालं काम. मास्तर म्हनाले, "एक सापडलं. एकच होतं असं मी म्हटलं का?" अन् खरंच, पुढच्या रविवारी वापस पानी. कमी, पन पानी. वापस पोते ठेवले, रांगोळी टाकली, उभ्या लाँचीत थेंब नाही. लाँच चालली तेव्हाच येते. मास्तरायनं खूप शोधलं. सापडलं नाही. ते शेठजीकडे जाऊन आले. म्हनाले, हे गळती अशी सापडनार नाही, लाँच पूर्ण जमिनीवर ओढून तळाची एकेक फळी खोलावी लागन. शेठजी म्हनाले, पुढच्या सालाले पाहू. तेव्हापासून पुढचंच साल आहे.

त्या दिवशी मास्तर आमच्या खोलीवर आले. चहा घेतला नाही. मले म्हनाले, "मी तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही. पाणी येते अन् मला सापडलेलं नाही. रविवारी पोरीला लाँचीवर नेऊ नको."

मी इचारलं, "अन् पोरीचा बाप?"

हे कोपऱ्यातून म्हनाले, "मी सोडली त दुसरा चालवन. त्याले पानी आलेलं समजनारही नाही. लोकायचे लेकरं बसतात वं."

मी म्हनलं, "मंग मी बसते खाली फळी काढून, पान्यावर हात ठेवून. वाढलं की सांगन."

मास्तर म्हनाले, "नाही. तुम्ही दोघं एका नावेत नको. पोरीला एक पाहिजे."

मंडळी, असं कोनी कोनाले सांगत नाही. सारे म्हनतात काही होत नाही, देव आहे. मास्तरायनं सांगतलं की होऊ शकते. मी त्या दिवशी पोटभर रडली. पन ज्यानं खरं सांगतलं त्याच्याच भरोशावर मानूस उभं राह्यते, हेही मले तेव्हाच समजलं. पुढच्या रविवारी सकाळच्या बसनं मास्तर उतरले, हातात डबा अन् टॉर्च. लाँचीत गेले, इंजिनाजोळची फळी सरकवली, बाही वर केली अन् खाली हात घालून बसले. "पोरीच्या बापासोबत मी जातो," एवढंच मले म्हनाले.

तेव्हापासून दर रविवारी ते जातात. पानी बोटाले लागलं त काही नाही, मनगटाले लागलं की "वळव" म्हनतात अन् हे वळवतात. एकदा अर्ध्या तलावातून लाँच वापस आनली. लोकं चिडले. एक जन म्हनाला, "काय मास्तर, खाली मासे धरून राहिले का?" मास्तर म्हनाले, "मासा आत आला की सगळ्यात आधी तुम्हालाच देतो. आता गुपचूप बसा."

आता त्यायच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ते म्हनतात, हाताले मोतीबिंदू होत नाही. पन ओल्यात बसून बसून छाती वाजते, गुडघे सुजतात. फळीवरून उठाचं म्हटलं त हे हात देतात. त्यायच्या घरचे म्हनतात आता बस करा, अन् त्यायचंही बरोबर आहे. आधी मी एका मानसासाठी भेत होती. आता दोघांसाठी भेते.

मास्तर, तुमच्या छातीले आराम पडो, गुडघे चालू राहो, तुमाले नातवायचे नातू पाहाले भेटो. हे मी मनापासून मांगते. अन् खरं बोलाचं तुमीच शिकवलं म्हनून हेही सांगते, की ह्याच्यात माहा स्वार्थ आहे. तुमी नसले त त्या फळीखाली कोन हात घालन?

अंकवाल्यायनं सांगतलं, सत्कार रविवारी संध्याकाळी आहे, धरमपेठेत. शाल आहे, हार आहे, भाषनं आहेत. मास्तर त्यायले म्हनाले, लाँच वापस आली की येतो. हा अंक शेठजीच्या घरीही जाईन. त्यायनं हे पान वाचावं, एवढीच माही ओंजळ मास्तरायले.

मी त्या दिवशी हॉलमधे नसन. सुमीले घेऊन घाटावर असन, जशी दर रविवारी असते. मास्तरायले याले उशीर झाला त तुमी कोनी उठून जाऊ नका, अन् हाराची घाईही करू नका. पयले लाँच घाटाले लागू द्या.