‘जिना’मधला डावा हात

हातोडीला अलीकडे हात झटकायला जागा शोधाव्या लागत. कामावर ती मेण आणायच्या निमित्ताने कपाटामागे जाई, घरी नळ मोठा सोडून न्हाणीघरात उभी राही, आणि तालमीत पायाशी काहीतरी सैल झालंय असं सांगून ड्रमच्या मागे वाकून बसे. डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना आधी मुंग्या येत, मग ती जड होत, आणि मग चक्क बेपत्ताच होत. दिसायला जागच्या जागी, पण तिला त्यांचा पत्ता नसे.

हातोडी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर मान खाली घालून, श्वास रोखून, मेणात लोकांचे दात कोरायची. तिने केलेली दाढ खऱ्या दाढेशेजारी ठेवली तर दातांचे डॉक्टरही बुचकळ्यात पडत. हीच बाई रविवारी दुपारी गालिच्यांच्या दुकानाखालच्या तळघरात ड्रम असे बडवायची, की वरच्या गालिच्यांची धूळ फुकटात झटकली जाई. दुकान रविवारी बंद असे म्हणून मालकाला त्याचा त्रास नव्हता. हे नाव तिला बँडने दिलं होतं, आणि बाहेर काही ती ते सांगत नसे.

बँड तिघांचा. गिटारवर मास्तर, शाळेत गणित शिकवणारे, निवृत्तीला टेकलेले, केस पिकले तरी आवाज कमी करायला तयार नसलेले. बेस गिटारवर लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा, बोलायला महाकंजूष. गाणारं कुणीच नाही. गायक का नाही असं कुणी विचारलं की मास्तर म्हणत, “आमच्यापैकी कुणाला काही सांगायचंच नाहीये.” संगीत संथ, जडशीळ, कानाआधी छातीला कळणारं. ऐकायला तीच ती मूठभर मंडळी येत आणि कानात कापूस घालून डोळे मिटून उभी राहत. गाण्यांना शब्द नाहीत, तेव्हा नावं हाताला लागतील ती. एकाचं नाव ‘ओलं सिमेंट’, कारण ते बसवलं त्या हिवाळ्यात तळघराच्या पायऱ्या नव्याने लिंपल्या होत्या आणि मास्तर त्यात बुटासकट रुतले होते. सगळ्यात लांबलचक गाण्याचं नाव ‘जिना’. लिफ्टवाल्याच्या बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘जिना’ असावं, यावर ते तिघे इतक्या वेळा हसले होते की आता कुणी हसत नसे.

शब्द नसले की आणखी एक पंचाईत होते. कडवं संपलं कधी हे कळायचं कसं? म्हणून यांचा एक नियम होता. गाण्याचा प्रत्येक भाग गोल फिरत राहायचा. हातोडीने हनुवटी वर उचलली की पुढचा भाग सुरू. तिने उचललीच नाही तर जग बुडालं तरी दोघांनी तिथेच फिरत राहायचं. एवढा भरवसा तिच्यावर कामावर कुणी टाकत नव्हतं, घरी तर नाहीच. आठवडाभर ती त्या हनुवटीवर जगायची असं म्हटलं तरी चालेल.

आणि नेमका आता हात दगा देऊ लागला होता.

डॉक्टरकडे ती गेली नव्हती. का नाही? कारण डॉक्टर काय म्हणणार हे तिला पाठ होतं. तिची आई शिवणकाम करायची. तिचाही हात असाच गेला होता, उजवा. आधी मुंग्या, मग सुई सुटणं, मग कप सुटणं. दुखणं मानेतून उतरलंय असं डॉक्टर म्हणाले, आणि वर हेही म्हणाले, “आधी यायला हवं होतं.” शिलाई मशिनवर तेव्हापासून चादर पडली ती पडलीच. हातोडीला ‘आधी यायला हवं होतं’ ऐकू येई, पण त्याआधी ‘ड्रम बंद करा’ ऐकू येई, आणि पाय दवाखान्याकडे वळतच नसत. दात काय, कुठेतरी निम्म्या कामावरही पोट भरता आलं असतं. रविवारचं काय?

“हात का झटकत होतीस?” एका सकाळी आईने विचारलं.

“पाणी होतं हाताला.”

“कोरडा होता.”

“आई, उगाच काहीतरी मनात आणू नकोस.”

हातोडीने कप उचलला तेव्हा आईची नजर कपावरच होती. हातोडीने तो उजव्या हाताने उचलला होता. ती डावखुरी.

मग तिने चोरी सुरू केली. मोठ्या ठोक्यांच्या मधे डावा हात जे हलके हलके ठोके टाकतो, ऐकू येतील न येतील असे, त्यातले काही ती गाळू लागली. आधी एखादा, मग ओळीने. गाण्याचं अंग त्या बारीक टकटकीने भरतं, पण समोरचा ऐकणारा ते मोजत थोडाच बसतो? उन्हाळा सरला तेव्हा ती जवळजवळ सगळेच गाळत होती. प्रत्येक तालमीत तिची नजर मास्तरांच्या भुवईवर. पण मास्तर गिटारकडे बघत, लिफ्टवाला नेहमीसारखा भिंतीकडे. गाणं तिला अजून भरलेलंच वाटे. सवयीने वाटतंय, मनात वाजतंय, अशी ती स्वतःची समजूत घालून वेळ मारून नेत होती.

कार्यक्रम टेबल टेनिसच्या क्लबखालच्या तळघरात होता, रविवारी संध्याकाळी. तिला आदल्या दिवशीपासून अन्न गोड लागत नव्हतं. पहिली दोन गाणी निभावली. ‘जिना’ सुरू झाला आणि मधल्या संथ भागात, जिथे डाव्या हाताचं हलकं कामच सगळ्यात जास्त, तिथे बोटं गेली. यावेळी दोन नव्हे, पंजाच गेला. काठी हातातून कधी सुटली ते तिला कळलंही नाही. ती जमिनीवर घरंगळून मास्तरांच्या पायाशी गेली तेव्हा दिसली.

उजवा हात आणि पाय चालू होते. आता काय? हनुवटी उचलली तर पुढचा भाग, आणि त्याला दोन्ही हात पूर्ण जोराने लागणार. नाही उचलली तर हे दोघे इथेच फिरत राहणार. तिने मान खाली घातली. ते फिरत राहिले. एक फेरा झाला, अजून एक झाला. मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. ती मांडीवर पंजा आपटत होती, ये ना, ये ना मेल्या, असं पुटपुटत होती. समोरचे लोक डोळे मिटून डुलत होते. त्यांना वाटलं गाणंच तसं आहे. यापूर्वी कुणी त्यांना एकाच जागी इतका वेळ उभं केलं नव्हतं, आणि मंडळी खूश होती!

अखेर मुंग्या आल्या. मुंग्यांचा एवढा आनंद कुणाला कधी झाला नसेल. तिने पिशवीतली जादा काठी काढली, मुठीत कुऱ्हाडीसारखी धरली आणि हनुवटी उचलली. शेवट कसाबसा झाला. टाळ्या मात्र जोरात पडल्या. एक दाढीवाला जवळ येऊन म्हणाला, “तो मधला भाग लांबवलात, काय कमाल केलीत!” ती हसली आणि घाईघाईने सामान आवरू लागली.

गाडी मास्तरांची. ड्रम मागे, हातोडी आणि लिफ्टवाला मधल्या बाकावर. क्लबमधल्या एका पोरीने मास्तरांच्या फोनवर कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. मास्तरांनी गाडी सुरू केली आणि ‘जिना’ लावला. हातोडीला बंद करा म्हणायचं होतं, पण कारण काय सांगणार? ती खिडकीकडे तोंड करून बसली.

संथ भाग आला. आता काठी पडणार, असं ती मनाशी म्हणाली. काठी पडल्याचा बारीक खडखडाट खरंच ऐकू आला. आणि मधली टकटक चालूच राहिली.

ती सावरून बसली. काठी जमिनीवर होती. पंजा मांडीवर होता. तरी प्रत्येक फेऱ्यात ते हलके ठोके जिथल्या तिथे पडत होते, तिच्या गाळलेल्या प्रत्येक जागी.

“हे कोण वाजवतंय?” तिने विचारलं.

लिफ्टवाला म्हणाला, “मी. तारांवर पंजा ठेवून नुसती नखं मारायची. टक टक येतं.”

“आणि मी सुटलेल्या जागा भरतो,” मास्तर पुढून म्हणाले. “याला सगळीकडे पुरं पडता येत नाही.”

तिच्या कानशिलांत रक्त चढलं. इतके दिवस भुवया न्याहाळल्या, थापा मारल्या, आणि हे दोघे मुकाट्याने तिचा हात वाजवत होते! “कधीपासून? उन्हाळ्यापासून?”

“नाही गं,” लिफ्टवाला म्हणाला. “‘ओलं सिमेंट’ बसवत होतो तेव्हापासून.”

‘ओलं सिमेंट’ त्याच्या आदल्या हिवाळ्यातलं. तेव्हा तिला काहीच होत नव्हतं. मुंग्या नव्हत्या, जडपणा नव्हता, गाळागाळी नव्हती. तेव्हा ती छान वाजवत होती. निदान तिला तरी तसंच वाटत होतं.

“तेव्हा मी काही गाळलं नव्हतं,” ती म्हणाली.

“तू गाळत नव्हतीस,” लिफ्टवाला म्हणाला. “ठोके पडतच नव्हते. आम्हाला वाटलं तुला माहीत आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

मास्तरांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. “बोललो असतो तर तू सोडून गेली असतीस. मग आमचं काय राहिलं असतं? आमचाही स्वार्थच, दुसरं काय. चुकलं आमचं.”

तिला दोघांना झोडपावंसं वाटलं आणि त्याच वेळी भोकाड पसरून रडावंसं वाटलं. जे उन्हाळ्यात सुरू झालं असं समजून ती दवाखाना पुढे ढकलत होती, ते कितीतरी आधी घरात शिरून बसलं होतं, आणि तिच्याशिवाय सगळ्यांना ऐकू येत होतं.

लिफ्टवाल्याने तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. केबल तपासताना धरतो तसा, बिनबोभाट. “डोळे मीट,” तो म्हणाला. तिने मिटले.

“लागलं?”

“हो,” असं सवयीने ओठांवर आलं होतं. आईला, मास्तरांना, स्वतःला ती इतके दिवस असंच खोटं सांगत आली होती.

“नाही,” ती म्हणाली.

“आता?”

“नाही.”

“आणि हे?”

“अरे, तू दाबतोयस तरी का?”

तिने डोळे उघडले तेव्हा त्याचं नख तिच्या करंगळीत रुतलेलं होतं. मास्तरांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.