कान्हेरीच्या कातळातली होडी

बोरिवलीला ताईकडे उतरलो आणि दुसऱ्याच सकाळी कान्हेरीची वाट धरली. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून पुढे दाट झाडी. मुंबईत एवढं जंगल असेल, हे आम्हा सातारकरांना सांगूनही पटलं नसतं.

डोंगरावर पोढीपाशी (कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं) जेवायला बसलो, तोच माकडाने डबा पळवला. शेजारी वेसाव्याचं एक कोळी जोडपं बसलं होतं. हिराबाई खळखळून हसल्या. "ऱ्हाऊ दे भाऊ, आमच्यातलं खा." तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा). त्यांचे यजमान धर्मा तांडेल (होडीचा प्रमुख) मात्र मुकाट जेवले आणि उठून पुढे गेले.

हिराबाईंनी आवाज खाली आणला. "वादळात होडी पलटली यांची. धाकटा दीर गेला. तवापासून दर्याकडं बघत नाय, धड बोलत नाय. म्हनून डोंगरावर आनलं. इथं तरी दर्या दिसनार नाय."

पुढे धर्मादादांना गाठून तिघं मिळून वर चढलो. एका काळोख्या लेण्यात मी बॅटरी लावली. भिंतीवर हाती कमळ घेतलेला अवलोकितेश्वर, संकटात धावून येणारा बोधिसत्त्व, उभा होता, शांत, किंचित झुकलेला. दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटी. कुणावर हत्ती धावून आलाय, कुणापुढे सिंह, कुणाला आगीने घेरलंय. प्रत्येक जण गुडघे टेकून त्याचा धावा करतोय. वीतभर जागेत केवढं भय, आणि केवढा विश्वास!

उजेड पुढच्या चौकटीवर सरकला. बुडती होडी, आत हात जोडलेली माणसं.

मी घाबरून बॅटरी फिरवली.

"थांबा," धर्मादादा म्हणाले. "परत दाखवा."

ते भिंतीजवळ गेले. बराच वेळ पाहत राहिले.

"आमचा गणा असाच हात जोडून होता," ते म्हणाले. "माझ्याकडं बघत. मी पोचलो नाय गं."

एवढं बोलून ते तिथेच बसले आणि हमसून हमसून रडले. हिराबाईंनी त्यांचं डोकं कुशीत घेतलं. "रडा. रडा आता," एवढंच म्हणत राहिल्या. मी बॅटरी विझवून बाहेर आलो.

नंतर माथ्यावर गेलो, तर लांबवर खाडी चमकत होती. हिराबाई झटकन पुढे आल्या, पण धर्मादादांनी त्यांना हलकेच बाजूला केलं. डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"ओहोटी लागली," ते म्हणाले.

संध्याकाळी ताईने विचारलं, "किती लेणी बघितलीस रे?"

"एकच."

ती हसली. डोंगरभर लेणी, आणि हा एकच बघून आला! पण त्या एका भिंतीनंतर दुसरं लेणं बघावंसं वाटलं नव्हतं. ती कोरणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्याचंही कुणी दर्याने नेलं होतं का, कोण जाणे. मला मात्र वाटत राहिलं, बुडणाऱ्याचे हात जवळून पाहिल्याशिवाय ते असे कोरता येणार नाहीत.