दहावं नाव कुणाचं?

शनिवारची मराठी शाळा चालवणाऱ्या माणसाला किस्से शोधत जावं लागत नाही. आमच्या जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या शाळेत तर ते मुलांच्या डब्यातल्या चिवड्यासारखे सगळीकडे सांडलेले असतात!

आमचा छोट्यांचा वर्ग फुल्ल. पण मुलं दहा-अकराची झाली की संपलं! पुढचा वर्गच नाही. यंदा मी हट्टालाच पेटले. ज्या जर्मन शाळेत आम्ही भरतो, तिथल्या हेडबाई फ्राऊ केलर म्हणाल्या, "वर्गखोली देते. पण पहिल्या शनिवारी दहा मुलं हवीत. मी स्वतः मोजणार." नऊ असली, तर खोली ज्युडोवाल्यांना!

मी ग्रुपवर मेसेज टाकला. तासाभरात तेवीस अंगठे! "खूपच स्तुत्य उपक्रम!!" मी नाचायचीच बाकी. मग नीट बघितलं. त्यातल्या चौघांना मूलच नाही, एकाचं अजून रांगतंय, आणि एक अंगठा माझ्याच मावशीचा, साताऱ्याहून!

ऑफिसात हे रडगाणं शिव्हॉनला ऐकवलं. ही माझी आयरिश कलीग. ती खो खो हसत सुटली. "अगं, आमच्याकडे अगदी हेच! गावात आयरिश भाषेची प्राथमिक शाळा होती, पुढची नव्हती. अधिकारी म्हणाले, मागणी कुठाय? आईवडिलांनी सह्यांचे गठ्ठे दिले, ते गेले कपाटात. मग आमच्या आयांनी आम्हा पोरांनाच नेऊन ऑफिसात बसवलं. साहेबांना बसायला खुर्ची उरली नाही!"

"मग? मिळाली शाळा?"

"मिळाली ना! मी तिथेच शिकले. तू आईबापांचा नाद सोड, पोरांना धर."

धरलं! देशपांड्यांच्या नीलला फोन केला. तो जर्मनमध्ये म्हणाला, "येतो, पण पप्पांनी आधी एक दिवस इंग्लिश शब्द न वापरता मराठी बोलून दाखवायचं." देशपांडे मागून जोरात, "हात्तिच्या! त्यात काय!" पोरगं घड्याळ लावून बसलं. चौथ्या मिनिटाला देशपांडे ओरडले, "अॅक्च्युअली, धिस इज नॉट फेअर!" शेवटी हरलेल्या बापाला आपणच शिकवायचं, म्हणून नील वर्गात यायला तयार झाला.

मग सईला धरलं. तिचं कारण तर भन्नाट. "आई आणि आजी मराठीत माझ्याबद्दलच बोलतात. मला कळतं सगळं, पण भांडायला शब्द सापडेपर्यंत त्यांचा विषय बदललेला असतो!" असलं तळमळीचं कारण मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही.

असं करत करत नऊ मुलं झाली. दहावं नाव माझ्याच घरात होतं. माझी इरा, वय चौदा. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, पाच वर्षं आमचं असंच चाललंय. तिला विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "नाइन! नाही म्हणजे नाही! घरी तूच, शाळेतही तूच?" दार बंद. गावभर पोरं गोळा करत फिरले आणि स्वतःचीच हाती लागेना. लाज वाटली हो, खरंच लाज वाटली. पण ओढून आणायची नाही, असं ठरवलं.

शनिवार उजाडला. अकराला फ्राऊ केलर हजर. बोट दाखवत मोजलं, "...आख्ट, नॉइन." नऊच! मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबता?" त्यांनी घड्याळ बघितलं. बाहेर ज्युडोवाले चटया घेऊन उभे! मी उगाच हजेरीचा कागद उचलला. पण तोही वाचता येईना, कारण चष्मा घरी राहिला होता.

तेवढ्यात दार उघडलं. इरा! धापा टाकत, हातात माझा चष्मा. तो टेबलावर ठेवला आणि निघाली. फ्राऊ केलरनी जर्मनमध्ये विचारलं, "तू या वर्गातली आहेस का?"

इरा थांबली. माझ्याकडे बघितलं, बाहेरच्या चटयांकडे बघितलं. मग सईशेजारची खुर्ची ओढून बसली आणि हात वर करून चक्क मराठीत विचारलं,

"आई, इथे तुला आई म्हणायचं, की बाई?"