पर्जन्यबाईंची सही

वीज कंपनीच्या नियोजन विभागात आम्ही सगळे मेगावॅटचे हिशेब मांडायचो आणि पर्जन्यबाई हवामान खात्याचे जुने आकडे घेऊन बसायच्या. नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं. "पावसाळ्यात तरी आदराने हाक मारत जा," एवढंच एकदा म्हणाल्या.

सरासरीशी त्यांचं उभं वैर. कुणी पावसाची सरासरी सांगितली, की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "आपण सरासरी पावसात भिजता का हो?" उपकेंद्र बांधायचं तर आजवरचा सर्वांत वाईट दिवस शोधायचा आणि त्याहून वाईट दिवस येणारच असं धरून चालायचं, ही त्यांची रीत.

खराडीत आयटीच्या काचेच्या इमारती उठू लागल्या, तेव्हा आम्ही दुपारचा भार मोजत होतो आणि बाई रात्रीचं तापमान मागवत होत्या. अमेरिकेच्या वेळेवर रात्रभर एसी चालणार, शिवाय रात्रीही पूर्वीसारख्या गार राहिलेल्या नाहीत. "ट्रान्सफॉर्मरला विसावा मिळायचा तो रात्री. तोही काढून घेतलात." एका एप्रिलमध्ये ट्रान्सफॉर्मर जळाले, तेव्हा कुठे आमची टवाळी थांबली.

मग नाल्याकाठच्या उपकेंद्राची फाइल आली. दुसरी जागा मिळत नव्हती. बाईंनी पावसाचे आकडे पुढे ठेवून जोतं पुरुषभर उंच मागितलं. साहेब म्हणाले, "अर्धं घ्या, बाई. नाहीतर फाइल गेली पुढच्या वर्षावर."

"पाणी अर्ध्यावर थांबेल, असं लेखी देता?"

साहेबांनी फाइल बाईंपुढे सरकवली. तिकडच्या वस्त्या ऐन उन्हाळ्यात तासन्‌तास विजेविना उकडत होत्या. बाईंनी काही दिवस फाइल अडवली आणि शेवटी अर्ध्या जोत्यावर सही केली.

तिथला ऑपरेटर सखाराम वाघोलीकडचा. त्याची तक्रार उलटीच होती. "बाई, तुमच्यापायी एवढ्या पायऱ्या चढाव्या लागत्यात. गुडघं गेलं माझं." बाईंना काही हसू आलं नाही.

पुढे एका सप्टेंबरात आभाळ फाटलं. नाल्याचं पाणी जोत्यावर चढलं. पुरवठा बंद करायला सखाराम आत गेला आणि विजेचा धक्का लागून तिथेच संपला. बाईंनी मागितलेल्या उंचीपर्यंत पाणी पोहोचलंच नव्हतं.

"आपण सांगितलं होतंत, बाई," आम्ही म्हणालो.

"सांगितलं होतं आणि सहीही केली. ठाऊक नसतं तर सुटले असते."

त्यानंतर बाईंनी आकडे मागवले नाहीत. मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाला आम्ही शाल-श्रीफळ आणलं. बाईंनी शालीची घडीही मोडली नाही. जिना उतरताना ती माझ्या हातात दिली.

"वाघोलीला सखारामच्या घरी पोचवा. कंपनीकडून म्हणून सांगा, माझं नाव नको. मी उंच जोतं मागितलं होतं, एवढंच त्याच्या बायकोला कुणीतरी सांगितलंय. मी गेले की वाकून पाया पडते हो ती माझ्या."