पाण्यातल्या म्हशीचं दावं

"सर, म्हशीचं दावं सुटंना!"

नववीतली शबाना वर्गाच्या मधोमध गुडघ्यांवर बसली होती. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा. बोटं हवेत गाठ सोडवत होती.

आधी सांगतो काय चाललं होतं. मी व्हीआरचे प्रोग्रॅम बनवतो. चष्मा चढवला की आपण दुसऱ्याच जागी, मान वळवाल तिकडं ती जागा दिसते. हवामानबदल शिकवायला आम्ही ध्रुवावरचं वितळणारं बर्फ दाखवायचो. पोरं अस्वलाला टाटा करायची आणि विसरून जायची. म्हणून मंगळवार पेठेतल्या ऑफिसात बसून मी पंचगंगेचा पूर बनवला. हवा तापली की जास्त बाष्प धरते, मग महिन्याचा पाऊस चार दिवसांत ओतते. एवढंच सांगायचं होतं. नदीकाठच्या या शाळेत पहिली ट्रायल. हेडबाईंनी बजावलं होतं, "पूर सोसलेली पोरं हाईत. एक जरी भेदरलं, तर हे चष्मे उचलायचे आणि चालू लागायचं."

सुरुवात झकास झाली. आठ चष्म्यांत एकच पूर. गल्लीत पाणी चढत होतं, संथ, आवाज न करता. चपला तरंगत गेल्या. उसाचे शेंडे पाण्याखाली डुलू लागले. पोरं झोपेत चालल्यासारखी हळूहळू हात हलवत होती. खरं सांगतो, माझाच जीव रमला.

गोठ्यातली म्हैस मी शोभेला ठेवली होती. दावं नुसतं चित्र. सुटायची सोयच नव्हती.

"काढ बाळ चष्मा," मी म्हणालो.

"न्हाय काढणार! आधी सोडवा की तिला!"

हेडबाई धावत आल्या. "बंद करा ते!" मग माझ्या कानाशी म्हणाल्या, "हिच्या घरची चांदणी म्हस पुरात अशीच गेली. गोठ्याच्या भिंतीवर आधीच्या महापुराची रेघ ओढलेली हाय. आजोबा म्हणाले, पाणी रेघेच्या वर कधी चढत न्हाय. रेघेच्या वरच्या कट्ट्यावर म्हस बांधून माणसं बाहेर पडली."

 माझं बोट बंद करायच्या बटणावर होतं. दाबलं असतं तर पोरीची म्हैस दुसऱ्यांदा बुडाली असती. मी लॅपटॉपवर दावं शोधलं आणि डिलीट मारलं. म्हशीला पोहायला शिकवायला वेळ कुठला? माऊसनं तशीच उचलली. पाय न हलवता ती गोठ्यातून तरंगत निघाली, कौलांवरून, उसाच्या शेंड्यांवरून, वर, आणखी वर.

आठ माना एकदम वर वळल्या.

"सुटली," शबाना म्हणाली. चष्मा काढून तिनं ओढणीनं डोळे पुसले.

मी गुमान सामान आवरायला घेतलं. तेवढ्यात ती पोरांकडं वळली. "ती रेघ जुनी झाली रं. पाऊस आता पैल्यासारखा न्हाय. रेघेवर इसंबून ऱ्हायचं न्हाय. पाणी दिसलं की आधी दावं सोडायचं."

माझा अख्खा धडा तिनं चार वाक्यांत संपवला.

हेडबाईंनी मी आवरलेला एक चष्मा परत टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "उद्या आठवीला दाखवा. पण दावं सुटणारं पायजे."

आता ते सुटतं. गोठ्याच्या भिंतीवर रेघही आहे आणि पाणी तिच्यावर चढतं. मी शिकलो एवढंच, की पूर दाखवायचा तर पोरांच्या हाताला काम ठेवावं.

म्हैस मात्र अजून पाय न हलवताच जाते. ते दुरुस्त करणार होतो. शबाना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की सर. दमली असंल ती."