रत्नागिरीहून येणाऱ्या गोळ्या

शारजाला मुलाकडे राहायला आले तेव्हा माझा इथला विमा होता, पण त्यात औषधं नव्हती. डॉक्टर विम्यावर, गोळ्या पदरच्या. त्या इथे महाग, म्हणून रत्नागिरीहून यायच्या. आणायचा आमच्याच गावचा एक जण. तो दुबईच्या देरा भागात एका ट्रेडिंग ऑफिसात आहे. दर दोन महिन्यांनी मालासाठी मुंबईला जायचा आणि तिथून घरी चक्कर मारायचा.

परत आला की रविवारी एवढ्या ट्रॅफिकमधून शारजाला यायचा, पिशवी ठेवायचा आणि तासभर बसायचा. मी थालीपीठं लावायचे. गावात कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, यंदा आंबा कसा आहे, सगळं सांगायचा. एरवी मुलगा-सून सकाळी साडेसहाला दुबईला कामाला निघतात ते रात्री आठला उगवतात. नातू "ओके आजी" म्हणतो आणि खोलीचं दार लावून घेतो. खरं सांगते, दोन महिने मी त्या एका तासावर काढायचे.

एकदा त्याची फेरी लांबली. मी बीपीची गोळी अर्धी अर्धी करून पुरवली, कुणाला न सांगता. मोठी शहाणी! नवव्या दिवशी ओट्यापाशी चक्कर येऊन पडले. मुलगा भडकला. "आई, आता हे खलास! औषधांसकट पॉलिसी घ्यायची."

एजंट फॉर्म भरायला घरी आला. "पुरानी कोई बीमारी नहीं ना, आंटी? नो लिखूँ?"

मुलगा माझ्याकडे बघेना. आजार सांगितले तर हप्ता वाढणार होता. पण लपवले तर पुढे त्याच गोळ्या नाकारतील, एवढं मलाही कळतं. म्हटलं, "लिहा हो! बीपी, शुगर, थायरॉइड. सत्तरीची बाई ठणठणीत, यावर कोण विश्वास ठेवणार?"

हप्ता वाढला. मुलाने मुकाट्याने भरला.

आता फार्मसीचा माणूस गोळ्या दारात आणून देतो, सही घेतो आणि जातो. पाणी विचारलं तर लिफ्टकडे पळत "नो, नो" म्हणतो.

परवा देऱ्याहून फोन आला. "काकू, उद्या निघतोय. तुमच्या गोळ्यांची इथेच सोय झाली म्हणे? झकास! आता माझी वाट बघायला नको तुम्हाला."

मला रडूच आलं.

"अरे, एक मेली गोळी पॉलिसीत बसत नाही," मी म्हटलं.

"मग आणतो की! नाव सांगा."

सकाळीच आलेली फार्मसीची पिशवी फोडली आणि हाताला लागलं त्या पाकिटावरचं नाव त्याला वाचून दाखवलं.