वरच्या मजल्यावरचा हलका हात

"कळलंसुद्धा न्हाय ओ. त्यांचा हात लई हलका हाय."

लतिकाबाई एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या. निपाणीहून नुकतेच आलेले केशवराव हातातली पिशवी खाली ठेवायची विसरून दारातच उभे राहिले. माणूस एक रात्र लेकीकडं काय राहतो, आणि परत येऊन बघतो तर बायको दुसऱ्याच्या हाताचं कौतुक करते. तेही लसूण सोलता सोलता, भाजीचा भाव सांगावा तशी.

हात होता वरच्या मजल्यावरच्या श्रीनाथांचा. विषय होता इंजेक्शनचा.

लतिकाबाईंना सांध्यांचा जुना आजार. सकाळी बोटं वळत नसत, कपबशीसुद्धा दोन्ही हातांनी धरावी लागे. डॉक्टरांनी शेवटी दर रविवारी पोटावर, कातडीखाली घ्यायचं एक इंजेक्शन सुरू केलं. औषध आधीच भरलेलं असायचं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं आणि घरच्या घरी टोचायचं. दवाखान्यातल्या सिस्टरनं विचारलं, कोण देणार? लतिकाबाई काही बोलायच्या आत केशवरावांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या.

त्याला कारण होतं. शहापुरातल्या एका साड्यांच्या दुकानात गादीवर बसून केशवरावांची उभी हयात गेली होती. त्यांनी साडी दाखवायला घेतली की गिऱ्हाईक आपोआप मांडी घालून बसायचं. आधी पदर, मग काठ, मग आतली वीण, मग साडी उलटी करून मागची बाजू, मग दारातल्या उजेडात नेऊन रंग. माल झाकून विकणं त्यांना पाप वाटे. मग एक दिवस गुडघ्यांनी मांडी घालायला नकार दिला, केशवराव खासबागेतल्या घरी बसले आणि त्यांचं सगळं गिऱ्हाईक गेलं. उरलं एकच, लतिकाबाई. आणि ते आठवड्यातून एकदाच यायचं.

म्हणून रविवारची सकाळ म्हणजे केशवरावांचा धंद्याचा दिवस. ते आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालत. टेबलावर पांढरा पंचा अंथरत. फ्रिजमधून इंजेक्शन काढून गारेगार, ताजं ताजं आणून त्यावर ठेवत. लतिकाबाईंना समोर बसवून खोक्यावरची तारीख वाचून दाखवत. मग टोपण काढून सुई खिडकीच्या उजेडात धरत, या अंगानं, त्या अंगानं, आणि म्हणत, "बघ, कसली बारीक सुई हाय. केसासारखी." तोवर लतिकाबाईंचे तळवे घामेजलेले असत. मग स्पिरिटचा बोळा. स्वच्छतेत कसर नको म्हणून तो चांगला निथळता, आणि फासला रे फासला की त्या ओल्यावरच सुई. त्याआधी धीर देणं आलंच: घाबरू नको, दुखणार न्हाय, म्हणजे थोडं दुखेल, पण लई न्हाय. शेवटी टोचायच्या क्षणी केशवराव एक डोळा मिटत, ओठ वाकडा करत आणि दातांतून असा काही श्वास ओढत, की रस्त्यावरच्या माणसाला वाटावं, टोचून घेणारे हेच. पाठोपाठ लतिकाबाईंची किंकाळी.

ती किंकाळी केशवरावांना औषधाचाच एक भाग वाटे. टोचलं की दुखणार, दुखलं की ओरडणार, ओरडलं की आपण डोक्यावरून हात फिरवणार. खडेबाजारात कोणी ओळखीचा भेटला की ते आवर्जून सांगत, "रविवारी काय जमत न्हाय बघा. हिचं इंजेक्शन असतंय. माझ्याशिवाय घेत न्हाय."

आणि आता घेतलं होतं. लेकीच्या, रचनाच्या, नव्या घराची वास्तुशांत निपाणीत शनिवारी झाली. लतिकाबाईंचे सांधे धरले होते, म्हणून केशवराव एकटेच गेले. जावयानं आग्रह करून ठेवून घेतलं. केशवरावांनी फोन करून बजावलं होतं, की रविवारी यायला संध्याकाळ होईल, इंजेक्शन सोमवारी सकाळी घेऊ, थांब. लतिकाबाई थांबल्या नाहीत. वर हाक मारली. श्रीनाथ आले, त्यांनी टोचलं आणि गेले. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊन साडी घेऊन आलं होतं, आणि वर पोत चांगला आहे म्हणून सांगत होतं.

श्रीनाथ म्हणजे बँकेतले निवृत्त अधिकारी. एकटे, सडसडीत, मिशा काळ्या. त्या काळ्या का, हे केशवरावांना ठाऊक होतं, कारण महिन्यातून एकदा वरच्या मोरीचं पाणी काळं होऊन केशवरावांच्या खिडकीसमोरच्या पन्हळीतून वाहायचं. श्रीनाथांना साखरेचा आजार होता आणि ते रोज स्वतःच इन्सुलिन टोचून घेत. एवढी वर्षं केशवरावांनी त्याबद्दल त्यांची कीवच केली होती. आता मात्र त्यांना वाटलं, हा मनुष्य इतकी वर्षं चोरून सराव करत होता.

त्या आठवड्यात केशवरावांना भाकरी गोड लागली नाही. लतिकाबाई जिन्यात श्रीनाथांशी बोलल्या की ते खोकायचे. श्रीनाथांनी पेपर परत आणून दिला तर त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, जणू त्यातही टोचल्याची खूण असेल. "आयतु म्हणाले नुसतं," लतिकाबाई एकदा शेजारणीला सांगत होत्या. "मी म्हटलं, कधी सुरू करताय? तर म्हणाले, आयतु." आयतु म्हणजे झालं, हे कानडी सीमाभागात वाढलेल्या केशवरावांना जन्मापासून येत होतं. पण हा शब्द इतका उद्धट आहे हे त्यांच्या आजच लक्षात आलं.

पुढच्या रविवारी त्यांनी पंचाही नवा अंथरला. सुई दोनदा उजेडात धरली. टोचलं. लतिकाबाई ओरडल्या, आणि मग त्यांनी जे केलं ते केशवरावांच्या काळजात रुतलं. त्यांनी मान वर करून छताकडं बघितलं.

"वरच्यांनाच सांगू या का ओ दर रविवारी?" त्या म्हणाल्या. "तुमाला पण तरास वाचंल."

केशवराव दुपारभर पंच्याची घडी घालत बसले, मोडत आणि पुन्हा घालत.

संध्याकाळी मात्र ते जिना चढले. धंद्यात असताना समोरच्या दुकानात भाव किती, काठ कसला, हे बघायला ते पोराला पाठवत. आता पोरगं नव्हतं, स्वतःच जायला लागलं. निमित्त केलं की आमच्या एका पाहुण्याला इन्सुलिन सुरू झालंय, तो घाबरतोय, जरा बघून सांगतो. श्रीनाथांना इतका आनंद झाला की त्यांनी खुर्ची पुसून दिली. एकट्या माणसाकडं त्याचं इंजेक्शन बघायला कोण येतं?

केशवरावांनी डोळ्यांत तेल घालून बघितलं, पण बघण्यासारखं काही नव्हतंच. पंचा नाही, तारीख वाचणं नाही. वापरातलं पेन मघापासून टेबलावर भुईमुगाच्या शेंगांशेजारी पडलेलं. गार टोचलं तर चुरचुरतं, श्रीनाथ म्हणाले, नवीन काढलं तर अर्धा तास आधी काढून ठेवावं. सुई नवीन लावली, पण तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. स्पिरिटचा बोळा पुसटसा फिरवला आणि मग हा गृहस्थ चक्क टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला नावं ठेवत बसला. केशवरावांना राहवलं नाही, त्यांनी विचारलं, थांबलात का? वाळू दे की, ओल्यावर टोचलं तर आग होते, श्रीनाथ म्हणाले. कालची जागा सोडून बोटभर बाजूला कातडी हलकेच चिमटीत धरली आणि सासूला आणखी एक शिवी देता देता सुई आत गेली. सासूचं बोलणं संपेस्तोवर तशीच ठेवली, काढली. चोळलं नाही, फुंकर नाही.

"आयतु," ते म्हणाले.

एवढाच होता तो हलका हात. केशवराव जिना उतरताना स्वतःशी चरफडत होते. एवढ्याशा मालावर हा माणूस आपलं गिऱ्हाईक पळवतो.

मधले दिवस त्यांनी तयारीत घालवले. सुई पाहून उगाच भीती वाढते, हे कबूल करणं त्यांना सगळ्यात जड गेलं. सुई न दाखवता टोचायचं म्हणजे काठ न दाखवता साडी बांधून द्यायची. पण त्यांनी मन घट्ट केलं. रविवारी इंजेक्शन लवकर बाहेर काढून ठेवलं. पंचा कपाटातच राहिला. खोकं, तारीख, सुई, काही दाखवलं नाही. स्पिरिट वाळू दिलं. लतिकाबाई नवलानं बघत होत्या.

सगळं अगदी वरच्यासारखं झालं. पण टोपण काढलं तसा त्यांचा एक डोळा आपोआप मिटला, ओठ वाकडा झाला आणि दातांतून तो श्वास. लतिकाबाईंनी अंग आवळलं, पोट दगडासारखं झालं. केशवरावांचा हात हवेतच थांबला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "सुईनं न्हाय दुखत तेवढं तुमच्या तोंडाकडं बघून दुखतंय. तुमी असं करताय, मला वाटतंय आता काय होतंय की काय. ऱ्हाऊ दे. मी वर हाक मारते."

केशवरावांनी टोपण परत न लावता इंजेक्शन जपून हातातच धरलं. मग आवाज फुटला तो एकदम.

"मार हाक. मार की. काय हाय त्या माणसात? खुर्चीत बसतंय, शेंगा खातंय, टीव्हीतल्या बायकांना शिव्या देतंय. मी इथं आंघोळ करून बसतो."

लतिकाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांनी हाक मारली नाही. पोटावरची साडी तेवढी नीट बाजूला केली आणि अगदी सहज म्हणाल्या, "माणूस टापटीप हाय पण. मिशा कशा काळ्याभोर हायत ह्या वयात."

"काळ्याभोर?" केशवरावांचा आवाज छताला लागला. "रंग हाय तो, रंग. महिन्याच्या महिन्याला पन्हळीतनं वाहतोय, शाईची दौत सांडल्यासारखा. आमच्या दुकानात असला कच्चा रंग असता तर मालकानं दारातनं आत घेतला नसता. पहिल्या धुण्यात जाणार. आणि तू म्हणतीस काळ्याभोर."

"मला काय माहीत. मला आपलं वाटलं, देवानं दिलंय."

"देवानं? मी दाखवतो तुला. पुढच्या वेळी पन्हळीखाली पांढरं फडकं धरतो. त्याच्या तोंडावर वाळत घालतो ते फडकं. केस पण काळे करायचे होते, नुसत्या मिशा, म्हणजे काठ एक आणि अंग एक. हे कुठलं वाण म्हणायचं? ह्याच्या हाताला हलका म्हणणारी बाई जगात एकच, आणि ती माझ्याच घरात."

ते आणखीही बरंच बोलले. डोळे दोन्ही उघडे होते, ओठ सरळ होता, श्वास दातांतून ओढायला सवड कुठली? लतिकाबाई हसू दाबत खांदे सैल सोडून बसल्या होत्या.

"झालं नव्हं? मग कापूस द्या की," त्या म्हणाल्या.

केशवरावांनी खाली बघितलं. इंजेक्शन रिकामं होतं. सुई त्यांनीच टोचली होती आणि त्यांनीच काढली होती, मिशांपासून वाणापर्यंत कुठंतरी. त्यांनी कापूस दिला आणि थोडा वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिले. मग हळूहळू त्यांची छाती फुगली.

"बघितलंस?" ते म्हणाले. "सराव."

लतिकाबाईंनी मान डोलावली. एवढ्यात दारात श्रीनाथ उभे. खाली एवढा आरडाओरडा ऐकून काही मदत हवी का बघायला आले होते. केशवरावांनी त्यांना मोठ्या मनानं आत घेतलं, खुर्ची दिली आणि काही लागलं तर कळवू, आता सगळं घरच्या घरी होतंय, असं दोन-तीनदा सांगितलं. जिंकलेल्या माणसाला शत्रूला चहा पाजायला काही वाटत नाही.

लतिकाबाईंनी उपमा आणला. श्रीनाथांच्या बशीत एक डाव वाढला. मग केशवरावांकडं एक नजर टाकून दुसरा वाढला, त्यावर खोबरं, त्यावर लिंबाची फोड, आणि म्हणाल्या, "एकट्या माणसाचे लई हाल होतात. दर रविवारी माझ्या इंजेक्शनच्या येळेला नाष्ट्याला खालीच येत जावा."

केशवरावांच्या नाकपुड्या फुलल्या. लतिकाबाई निवांतपणे त्यांच्या बशीत उपमा वाढायला वळल्या.